छडी नसलेला वर्ग

ज्योत्स्नाबाईंच्या वर्गात छडी नव्हती. सातपूरच्या त्या पत्र्याच्या शाळेत सात वर्ग होते आणि सहा वर्गांच्या कपाटांवर छड्या होत्या. कुणाची वेताची, कुणाची निरगुडीची, पाचवीच्या सरांची तर चक्क प्लास्टिकच्या पाइपाची. चौथीच्या कपाटावर मात्र पृथ्वीचा गोल होता. बाई ही गोष्ट स्वतःहून कुणाला सांगत नसत; पण समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत विषयही बदलू देत नसत.

त्याला कारण होतं. त्यांचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते आणि घर वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून. वडील सातवी शिकलेले, पण अक्षर असं की वस्तीतला प्रत्येक अर्ज त्यांच्या हातून जायचा. "हात काय, कुणीही उचलतो पोरी. लेखणी उचलायला अक्कल लागते," असं ते म्हणायचे. ज्योत्स्नाबाई डी.एड. होऊन नोकरीला लागल्या त्या हीच शिदोरी घेऊन. पहिल्याच वर्षी त्यांनी वर्गातली छडी शाळेच्या शिपाई लंकाबाईला चुलीत घालायला दिली आणि प्रत्येक मुलाला शेऱ्यांची वही करायला लावली.

चाळीस पानी वही, खाकी कव्हर, वर मुलाचं नाव. गृहपाठ राहिला, पाढा चुकला, वर्गात डुलकी लागली, की बाई त्या वहीत तारीख घालून शेरा लिहायच्या. शेवट ठरलेला: 'घरी समज द्यावी व पालकांची सही आणावी.' दुसऱ्या दिवशी सही आली की विषय संपला. उठाबशा नाहीत, अंगठे धरणं नाही, आरडाओरडा नाही. पोरं वहीचं नाव काढताच सुतासारखी सरळ व्हायची. हेडसर बाकीच्या शिक्षकांना म्हणायचे, "जरा चौथीत जाऊन बसा, शिस्त म्हणजे काय ते बघा." बाईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. कुणाला होणार नाहीत? शिवाय त्यांना लिहिण्याची हौस होती. 'गृहपाठ नाही' एवढ्यावर भागलं असतं, तिथे त्या दोन ओळींचं घोटीव वाक्य लिहायच्या. वाचणाऱ्या पालकालाही कळू दे, शाळेत कोण शिकवतंय ते!

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये आशा देवरे त्यांच्या वर्गात आली. नऊ वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. पहिल्या आठवड्यातच बाईंनी तिची नोंद 'ढिम्म' या सदरात करून टाकली. विचारलं तर उत्तर नाही. फळ्याकडे बघायची, पण तिला फळा दिसत होता की नाही, देव जाणे. सातचा पाढा चौथ्या ओळीत अडायचा. डस्टर खाली पडलं तरी बाकाखाली शिरायची आणि बाहेर यायला दहा मिनिटं घ्यायची. शाळा सुटली की सगळी पोरं पाखरांसारखी उडायची, ही मात्र नळापाशी हात धूत उभी. धुऊन धुऊन धुणार तरी किती? बाई लिहीत गेल्या. 'वर्गात लक्ष नाही.' 'वही अपूर्ण.' 'विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता हेतुपुरस्सर मौन बाळगते.' हे शेवटचं वाक्य तर त्यांना इतकं आवडलं की स्टाफरूममध्ये त्यांनी ते वाचून दाखवलं.

सही मात्र न चुकता दुसऱ्या दिवशी हजर असायची. निळ्या शाईतली, खाली रेघ मारलेली: किशोर देवरे.

किशोरराव म्हणजे पालकांमधला हिरा. कंपनीत तयार माल तपासायच्या खात्यात होते. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं हळू, पायरीवर चप्पल काढूनच आत येणार. बायको आजारपणामुळे नामपूरला माहेरी असते, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि डोक्याकडे बोट नेऊन पुढचं न बोलताच सुचवलं होतं. एकटा बाप्या पोरीच्या वेण्या घालतो, डबा करतो, पालकसभेला सगळ्यात आधी येतो! स्टाफरूममधल्या बायकांना आपापले नवरे आठवून उसासे यायचे. "बाई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," ते ज्योत्स्नाबाईंना म्हणायचे. "काही खुट्ट झालं तरी वहीत लिहीत जा. हयगय नको." श्रावणात एक बाई फाटकाशी येऊन 'मी आशाची आई, पोरीला पाच मिनिटं भेटू द्या' म्हणाली, तेव्हा ज्योत्स्नाबाईंनीच लंकाबाईला फाटक लावून घ्यायला सांगितलं. किशोररावांनी तशी कल्पना देऊनच ठेवली होती.

दिवाळीनंतर एकदा लंकाबाई पाण्याची बादली घेऊन वर्गाच्या दाराशी थांबली. लंकाबाई मूळची पेठकडची, जेमतेम तिसरी शिकलेली. वीस वर्षं शाळेची घंटा तिच्याच हातात होती.

"बाई, येक सांगू का? त्या आशीच्या वहीत नका लिवत जाऊ."

"का हो?"

"लिवलं का दुसऱ्या दिशी पोर डबा उघडत नाय. बसत बी नाय नीट. लय भेल्यावानी करते."

ज्योत्स्नाबाई हसल्या. "धाक आहे तो, लंकाबाई. थोडा धाक हवाच. मी काय तिला मारते का?"

"तुमी नाय मारत," लंकाबाई म्हणाली आणि बादली उचलून गेली.

सव्वीस जानेवारीला आदर्श पालकाचा सत्कार करायची कल्पना ज्योत्स्नाबाईंचीच. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. आणि श्रीफळ त्यांच्या मुलीच्याच हस्ते. झेंडावंदन झालं, बाकं जोडून केलेल्या स्टेजवर पाहुणे बसले. बाईंनी माइकवरून भाषण केलं. मातेची माया आणि पित्याचं छत्र एकाच माणसात कसं सामावतं, वगैरे. टाळ्या पडल्या. किशोरराव शाल पांघरून हात जोडून उभे राहिले आणि बाईंनी आशाच्या हातात नारळ दिला.

आशा चार पावलं चालली आणि थांबली. किशोरराव हसून वाकले, "ये बेटा." ती हलली नाही. मग तिच्या पांढऱ्या मोज्यांवरून ओल उतरायला लागली. आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून. हातातला नारळ सुटला, स्टेजवरून गडगडत सातवीच्या पोरांच्या पायाशी गेला आणि अख्खं पटांगण खो खो हसलं. किशोररावही समजूतदारपणे हसले. ज्योत्स्नाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचा कार्यक्रम, त्यांचं भाषण, पुढच्या रांगेत नगरसेवक! त्यांनी आशाला दंडाला धरून मागे नेलं आणि म्हणाल्या, "लाज वाटत नाही? स्वतःच्या वडिलांच्या सत्कारात?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी रागाच्या भरात झालं म्हणता आलं असतं. पण झेंडावंदनाला कुणी दप्तर आणत नाही. म्हणून बाईंनी सत्तावीस तारखेला, रात्रभर झोप झाल्यावर, थंड डोक्याने आशाची वही मागून घेतली आणि लिहिलं: 'काल प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात आपल्या पाल्याने सर्वांसमक्ष अत्यंत लाजिरवाणे वर्तन केल्यामुळे आपला व शाळेचा मान कमी झाला असून तिला घरी कडक समज द्यावी व पालकांची सही आणावी.'

पुढचे तीन दिवस आशा आली नाही. किशोररावांची चिठ्ठी आली, ताप आहे. रविवार गेला आणि सोमवारी, एक फेब्रुवारीला, आशा आली. वही टेबलावर ठेवली. सही होती. बाईंनी बस म्हटलं तर ती बाकावर टेकली आणि लगेच उठून उभी राहिली. पुन्हा टेकली, पुन्हा उठली. "हे काय नवीन नाटक?" बाई म्हणाल्या आणि त्याच तासाला तेजल नावाची मुलगी भूगोलाची वही घरी विसरली म्हणून तिच्या वहीत शेरा लिहिण्यात गुंतल्या.

मधल्या सुट्टीत लंकाबाई बोलवायला आली. काही न सांगता, नुसती मान हलवून.

व्हरांड्याच्या टोकाला केरसुण्या आणि सतरंज्या ठेवायची खोली होती. तिथे सतरंजीवर आशा पालथी पडली होती आणि तिच्या फ्रॉकचे मागचे हुक सोडलेले होते. ज्योत्स्नाबाईंनी पाहिलं. नव्या वळांखाली जुने वळ होते. मानेच्या खाली चार बोटं सोडून सुरू झालेले, गुडघ्याच्या वर चार बोटं संपलेले. फ्रॉक जिथवर झाकेल तिथवरच, मापात. तपासणी खात्यातल्या माणसाचं काम.

"कुणी केलं हे? आशा, बोल ना! कधी?" बाईंचा आवाज चढला तशी आशा भिंतीकडे सरकली.

लंकाबाईने हात आडवा धरला. "इचारू नका. ती सांगंल तवा सांगंल." मग पोरीला म्हणाली, "आशे, बाई हायेत. त्या दाराकडं बसतील, गप. तुला नको असतील तर जातील. आता मी कोमट पान्याचं फडकं लावते हां पाठीला. लावू?"

आशाने मान हलवल्यावर लंकाबाईने फडकं टेकवलं. पुन्हा बुडवायच्या आधी पुन्हा विचारलं. दार तिने उघडंच ठेवलं होतं आणि आशाचं तोंड दाराकडे केलं होतं, कोण येतंय ते तिला दिसावं म्हणून. एरवी शिपाईबाईने असं गप्प केलेलं ज्योत्स्नाबाईंनी खपवून घेतलं नसतं. आज त्या दाराजवळ जमिनीवर बसल्या. डी.एड.ला बालमानसशास्त्रात त्यांना पासष्ट मार्क होते.

फडकं तिसऱ्यांदा बुडवलं तेव्हा आशा बोलली. "पप्पा वही वाचायला लावतात. मोठ्याने. मग शब्द मोजतात."

"शब्द?"

"जितके शब्द तितके. सही आणावी, ते पण मोजतात." तिने बाईंकडे पाहिलं. "तुम्ही लांब लिहिता, बाई."

तक्रार नव्हती त्यात. फळ्यावर खडू लागत नाही हे सांगावं, तसं तिने सांगितलं.

ज्योत्स्नाबाईंनी वर्गातून ती वही आणून उघडली. आपलंच मोत्यासारखं अक्षर, पानामागून पान. जूनपासून तेवीस शेरे. हेतुपुरस्सर. वारंवार सांगूनही. शेवटचा शेरा त्यांनी बोट ठेवून मोजला: सत्तावीस शब्द. त्यातलं 'अत्यंत' हे नसतं तर काय बिघडलं असतं? वाक्याला वजन यावं म्हणून घातलं होतं ते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात छडी नाही म्हणून मिरवत होत्या. त्यांची छडी दुसऱ्याच्या घरी ठेवलेली होती आणि त्या रोज इथून ती चालवत होत्या.

"लंकाबाई, मला आधी नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं व्हतं. तुमी हसल्या."

आता प्रश्न एकच होता. सव्वापाचला किशोरराव पोरीला न्यायला येणार होते आणि तिला त्या घरी जाऊ द्यायचं नव्हतं. एक वाजून गेला होता.

हेडसरांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. "बाई, हा घरगुती मामला. शिवाय परवाच त्याचा फोटो छापून आलाय आपल्या शाळेच्या नावासकट. आपण त्याला बोलावू, दोन गोष्टी सांगू. तो ऐकेल. सभ्य माणूस आहे."

"तो ऐकतोच, सर," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आजवर माझं एकही वाक्य त्याने ऐकलं नाही असं झालं नाही."

त्या खोलीत परत आल्या आणि या वेळी दारातच थांबून म्हणाल्या, "आशा, मी आत येऊ?" आशाने मान हलवल्यावर त्यांनी आईबद्दल विचारलं. आईचा पत्ता तिला येत नव्हता, पण मामाच्या शेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर येत होता. जाताना आईने पाठ करून घेतला होता. सातच्या पाढ्यात चौथ्या ओळीला अडणारी पोर तो सगळा आकडा कोडसकट एका दमात म्हणाली. बाई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे अक्षरशः धावल्या. दुकानदाराने मामाला बोलावून आणलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मी आशाच्या शाळेतून बोलतेय. तिच्या आईला घेऊन आत्ताच्या आत्ता या." पलीकडून प्रश्न आला नाही. "निंघनू," एवढंच ऐकू आलं आणि फोन ठेवल्याचा आवाज.

दुपारभर आशा त्या खोलीत झोपली. लंकाबाई दारात स्टूल टाकून बसली आणि घंटा द्यायला तेवढी उठली.

किशोरराव सव्वापाचला आले. पायरीवर चप्पल काढून ऑफिसात आले, हेडसरांना नमस्कार केला. ज्योत्स्नाबाईंनी टेबल धरलं.

"आशा आज तुमच्याबरोबर येणार नाही. मी तिची पाठ पाहिलीय."

त्यांना वाटलं होतं, हा आता ओरडेल, नाकारेल, निदान घाबरेल तरी. किशोररावांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं आणि टेबलावरची शेऱ्यांची वही स्वतःकडे ओढली.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा बाई. हे अक्षर तुमचं. समज द्यावी असं तुम्ही लिहिलंत, मी दिली. सही मागितलीत, केली. एकदा तरी चुकवली का?" ते पानं उलटत होते. "तिलाच विचारा. वहीत काही नसेल त्या दिवशी मी पोरीला बोटही लावत नाही. माझ्या मनाने मी एकदाही मारलेलं नाही."

बाहेर कंपन्यांच्या सायकली सुटल्याचा गलका होता. हेडसर खाकरले. "तसं नाही देवरेसाहेब. बाईंच्या लिहिण्याचा अर्थ मारा असा थोडाच होता? हो की नाही, बाई?"

हेडसरांनी चांगली पळवाट काढून दिली होती. 'हो' म्हटलं की झालं. अर्थ खरंच तसा नव्हता. पण ज्योत्स्नाबाईंना लंकाबाईची ती बादली आठवली, बाकावर टेकून उठणारी पोर आठवली, आणि डोकं खाली घालून त्या म्हणाल्या, "अर्थ मी कधी विचारलाच नाही. सही आली की मला पुरायचं."

त्यांनी कोरा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आखूड वाक्यं लिहिली. मी या मुलीच्या वहीत तेवीस वेळा तक्रार लिहिली. प्रत्येक वेळी तिला मार बसला. लंकाबाईंनी मला सावध केलं होतं. मी ऐकलं नाही. तिच्या आईला मी फाटकातून परत पाठवलं. तिच्या पाठीवरचे आणि मांड्यांवरचे वळ मी आज पाहिले. तिला वडिलांच्या ताब्यात देऊ नये. खाली नाव, हुद्दा, सही. लिहिलेलं त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. एकही वाक्य गाळलं नाही.

"बाई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय," हेडसर कुजबुजले. "नोकरीवर येईल."

"येऊ द्या."

साक्षीदार म्हणून हेडसरांनी सही केली नाही. त्यांना अचानक डोळ्यांचा चष्मा सापडेना. लंकाबाईला बोलावलं तेव्हा तिने पेन घट्ट धरून, एकेक अक्षर कोरत आपलं नाव लिहिलं आणि म्हणाली, "बराबर हाय."

पावणेसहाला कांद्याची पिकअप फाटकाशी थांबली. आशाची आई विमल धावत व्हरांड्यात आली. तिच्यामागून मामा, भिकन. अंगावर बाजार समितीतल्या कामाची धूळ, डोक्याला टॉवेल.

"पोर कोठे शे?" त्याने विचारलं. लंकाबाईने खोली दाखवली. आतून विमलचा आवाज आला. रडणं म्हणावं तर रडणं नव्हे, घशातून काहीतरी खरवडून निघाल्यासारखं. भिकन आत डोकावून परत ऑफिसच्या दारात आला आणि किशोररावांकडे बघत राहिला. "आते मनी भाचीले मी लई जास. कोन आडवं येस ते दखस." भाचीला तोच नेणार आणि आडवं येणाऱ्याला बघून घेणार, हे कळायला अहिराणी यायची गरज नव्हती.

किशोररावांनी कागदाकडे पाहिलं, भिकनकडे पाहिलं, पिकअपमधून उतरलेल्या दोन हमालांकडे पाहिलं. रुमालाची घडी घातली. "कायद्याने बघू," ते म्हणाले आणि पायरीवर चप्पल घालून निघून गेले.

सगळे मिळून पोलीस चौकीत गेले. तिथे ज्योत्स्नाबाईंना ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. हवालदार मध्येच थांबून म्हणाला, "म्हणजे बाई, चिठ्ठ्या तुम्ही पाठवायच्या आणि मार त्याने द्यायचा?" त्या 'हो' म्हणाल्या. दुसऱ्यांदा सांगताना शरम कमी होते, असं ज्याने म्हटलं असेल त्याने कधी सांगून पाहिलेलं नसावं. विमल शेजारी बसली होती. श्रावणातल्या त्या फाटकाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं बाईंना वाटत राहिलं.

निघताना आशा पिकअपच्या पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर तिरकी बसली होती. ज्योत्स्नाबाई उघड्या दारापाशी खाली बसल्या, म्हणजे पोरीला मान वर करावी लागू नये. हात लावला नाही. "आशा, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतीस सगळं. बाकाखाली बसून, नळापाशी थांबून. मला वाचता आलं नाही." खरं सांगायचं तर त्यांना मनातून वाटत होतं, पोर आता गळ्यात पडेल, निदान रडेल. माणसाला शरमेतही कौतुक हवं असतं.

आशाने थोडा विचार केला. "तेजलला पण मारतात," ती म्हणाली. "तिची आई मोजत नाही. हातात येईल त्याने मारते. अश्विनला जेवायला देत नाहीत सही करायची असली की."

"तुला कुणी सांगितलं?"

"आम्ही मधल्या सुट्टीत नळापाशी सांगतो एकमेकांना."

"मग मला कुणीच का नाही सांगितलं गं?"

आशाला हा प्रश्नच नवीन वाटला. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ते पण वहीत लिहाल ना."

गाडी निघाली. ज्योत्स्नाबाई तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना सकाळ आठवली. भूगोलाची वही, तेजल, दोन ओळींचा शेरा. 'वारंवार बजावूनही.' त्या तडक निघाल्या. रिक्षा दिसेना, म्हणून चालत. साडीचा काठ धुळीतून, पाठीमागून कुणीतरी "बाई, बाई" म्हणतंय तिकडे न बघता. कामगार वसाहतीच्या मागे तेजलची चाळ होती. दिवेलागण झाली होती, घराघरांत भाकरी थापल्याचा आवाज होता. त्यांनी दार वाजवलं.

दार तेजलनेच उघडलं. बाईंना दारात बघून ती पांढरी पडली, पण शहाण्या मुलीसारखी आत वळली आणि खाकी कव्हरची वही घेऊन आली. उजव्या हाताने तिने ती उघडून धरली. डावा हात तिने फ्रॉकला चिकटवून ठेवला होता.

"सही झाली, बाई."

आतून तिच्या आईचा आवाज आला, "कोण आहे गं? बाई का? अगंबाई, आत या ना, चहा टाकते!" आवाज अगदी गोड होता.

ज्योत्स्नाबाई तेजलच्या त्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी अजून काहीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात तेजल घाईघाईने म्हणाली, "मी जिन्यावरून पडले, बाई."

चाळ बैठी होती. दोन्ही बाजूंना कौलं, मध्ये गटार, कुठे एक पायरी नव्हती. मागच्या महिन्यातही तेजलने हेच सांगितलं होतं आणि ज्योत्स्नाबाईंनी तिला जिना जपून उतरत जा, असं बजावलं होतं.